काल्पनिक जगाचे नकाशे संगणकावर काढताना: साधनं आणि पोत (टेक्स्चर) यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही मित्रमैत्रिणी नाशिकमध्ये रविवारी दुपारी जमून रोल-प्लेइंग खेळ, म्हणजे काल्पनिक जगातली पात्रं होऊन खेळायचे खेळ, खेळतो. नकाशे काढायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं. नवीन कुणी आलं की खेळाचे नियम नंतर विचारतं, आधी विचारतं, "ताई, हा नकाशा कशात काढला?" तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरने करू?

आधी मला सांगा, नकाशा कोण आणि कुठे पाहणार आहे? टेबलावर अंथरून त्यावर मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती) ठेवणार, टीव्हीला लॅपटॉप जोडून दाखवणार, की घडी घालून खेळाडूच्या हातात देणार? आणि नकाशा केवढ्या जागेचा आहे? अख्ख्या मुलखाचा, एका गावाचा, की चार खोल्यांच्या तळघराचा? या तिन्हींची साधनं वेगळी आहेत. एकाच सॉफ्टवेअरमध्ये सगळं बसवायला गेलात, तर एक तरी नकाशा बिनसतो.

मुलखाच्या नकाशासाठी वंडरड्राफ्ट किंवा इंकार्नेट सोयीचं. गावासाठी वाटाबूचा शहर-जनरेटर घ्यावा आणि त्याची एसव्हीजी फाइल (मोठी केली तरी रेषा न फुटणारी) इंकस्केपमध्ये उघडून हवे ते बदल करावेत. खोल्या, भुयारं आणि लढाईची मैदानं यांच्यासाठी डन्जनड्राफ्ट. यातलं काहीच ठरत नसेल आणि हाताला चित्रं काढायची थोडी सवय असेल, तर क्रिटा घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि त्यात शिकलेलं काही वाया जात नाही. थर, मास्क (थराचा काही भाग झाकायची सोय), ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळेल ते) या गोष्टी एकदा हाताखालून गेल्या की बाकीची सगळी सॉफ्टवेअरं ओळखीची वाटू लागतात.

एक रुपयाही न घालता कुठवर जाता येतं?

खूप लांबवर. क्रिटा रंगवायला, गिंप फोटोतून पोत तयार करायला, इंकस्केप अक्षरं आणि रेषांसाठी. अझगारचा फँटसी मॅप जनरेटर ब्राउझरमध्ये उघडतो. किनारे, नद्या, राज्यांच्या सीमा, रस्ते सगळं एका क्लिकवर मांडतो आणि ते एसव्हीजी म्हणून उतरवून घेता येतं. मी त्याचा उपयोग फक्त किनाऱ्याची रेघ मिळवायला करते. गावांची नावं आणि राज्यं स्वतः ठरवते, कारण तिथेच तर मजा असते.

माझ्या पहिल्या दोन वर्षांतले सगळे नकाशे या फुकटच्या साधनांवर झाले आहेत, आणि त्यातला एक अजूनही आमच्या भिंतीवर आहे.

मग पैसे घालून नेमकं काय मिळतं?

वेळ वाचतो आणि तयार चित्रं मिळतात. वंडरड्राफ्ट आणि डन्जनड्राफ्ट एकदाच विकत घ्यायची, महिन्याचं भाडं नाही. दोन्हींत स्वतः केलेले पोत आणि चित्रं घालता येतात. माझ्या दृष्टीने हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण. इंकार्नेट ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे साधा लॅपटॉपही पुरतो. फुकटच्या आवृत्तीत चित्रं मोजकी मिळतात आणि नकाशा विकायचा असेल तर सशुल्क सदस्यत्व लागतं. कॅम्पेन कार्टोग्राफर हे खूप जुनं आणि खूप ताकदीचं, पण त्याचा स्वभाव सिव्हिल इंजिनिअरच्या कॅडसारखा आहे. ज्यांना कॅडची सवय आहे त्यांनी जरूर पाहावं. बाकीच्यांनी त्याच्या वाटेला जाण्याची घाई करू नये.

आयपॅड असेल तर प्रोक्रिएट उत्तम. तेही एकदाच विकत घ्यायचं. मात्र कॅनव्हास जितका मोठा तितके त्यात थर कमी मिळतात, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवा.

पेन टॅबलेट लागतोच का?

नाही. डन्जनड्राफ्ट, वंडरड्राफ्ट माउसवर व्यवस्थित चालतात. हाताने डोंगर काढायचे असतील तर मात्र सहा बाय चार इंचांचा साधा, बिनस्क्रीनचा टॅबलेट घ्या. तेवढा पुरतो.

कॅनव्हास केवढा घ्यावा?

एका घराला, म्हणजे नकाशावरच्या जाळीतल्या एका चौकोनाला, किती पिक्सेल द्यायचे एवढंच ठरवा, बाकी गुणाकार आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात एक घर म्हणजे पाच फूट. पडद्यावर खेळायच्या सोयींपैकी रोल-ट्वेंटीवर एक घर मुळात ७० पिक्सेलचं असतं, फाउंड्रीत १०० पिक्सेलचं. ३० बाय २० घरांचं मैदान १०० पिक्सेलने काढलं तर ३००० बाय २००० पिक्सेल होतात. एवढं कुठल्याही लॅपटॉपला झेपतं.

छापायचं म्हटलं की गणित बदलतं. टेबलावर एक घर एक इंचाचं लागतं. २४ बाय ३६ इंचांचा नकाशा ३०० डीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) काढायला गेलात तर ७२०० बाय १०८०० पिक्सेल, म्हणजे एकेका थराला सुमारे ३११ एमबी मेमरी. दहा थर झाले की तीन जीबी. लॅपटॉप गुदमरतो तो इथे. फ्लेक्सवर छापायचं असेल तर १०० डीपीआय पुरतात, कारण खेळाडू तो नकाशा दोन-तीन फुटांवरून पाहतात. मग तोच नकाशा २४०० बाय ३६०० मध्ये बसतो आणि एक थर ३५ एमबीचा होतो.

पोताला एवढं महत्त्व कशासाठी? रंग भरले की झालं ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर द्यायला मला सर्वांत जास्त आवडतं.

पोत म्हणजे कापडाचा असतो तोच. येवल्याच्या पैठणीचा पोत बोटांना कळतो, नकाशाचा डोळ्यांना कळायला हवा. पायाखाली काय आहे, ते ओलं की कोरडं, चालायला सोपं की अवघड, हे सगळं पोत सांगतो. रंग फक्त "इथे हिरवं आहे" एवढंच सांगून थांबतो.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. पश्चिमेकडून आलेले ढग सह्याद्रीच्या धारेवर रिकामे होतात. इगतपुरी-त्र्यंबकला पावसाळ्यात समोरचं दिसत नाही, आणि पूर्वेकडे सिन्नर-येवल्याला लोक आभाळाकडे बघत बसतात. शंभरेक किलोमीटरच्या आत जमिनीचं अंगच बदलतं. मी एकदा याच धर्तीवर एक मुलूख काढला. डावीकडे दाट, ओलसर, गिचमिड हिरवा पोत. मधे तो विरळ होत गेलेला. उजवीकडे नुसता भुरकट, ठिपक्याठिपक्यांचा, मधूनच काटेरी. कुठेही "दुष्काळी भाग" असं लिहिलं नव्हतं. खेळताना एक मुलगी पूर्वेकडे निघायच्या आधी थांबली आणि म्हणाली, "आपण इथूनच पाणी भरून घेऊ या." तिला ते नकाशाने सांगितलं होतं. मला वाटतं, पोताचं काम ते हेच.

आणखी एक फायदा. लाल आणि हिरवा ज्यांना वेगळे दिसत नाहीत असा एक जण आमच्या गटात आहे. दलदल आणि पेटलेलं रान यांत फक्त रंगाचा फरक ठेवला तर त्याच्यासाठी दोन्ही सारखेच. पोत वेगळा असला की त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

पोत किती जमवावेत?

बारा. हजारो पोतांचे गठ्ठे उतरवून घेणारे मी पाहिले आहेत. त्यांचा सगळा वेळ निवडण्यात जातो आणि एकाच नकाशावर सात जणांच्या हातचं काम दिसतं. माझे बारा असे: कोरडा कातळ, ओला कातळ, घडीव दगड, मातीची भिंत, सारवलेली जमीन, भेगाळलेली माती, हिरवं गवत, वाळलेलं गवत, पालापाचोळा, लाकडी फळ्या, शेवाळ आणि हातकागद. पाणी मी रंगवते, त्याला फोटोचा पोत कधीच शोभत नाही.

हे पोत स्वतः कसे मिळवायचे?

फोनच्या कॅमेऱ्याने, आणि नाशिकमध्ये राहून तर फारच सहज.

काळा कातळ कुठल्याही घाटरस्त्याच्या कापलेल्या कडेला मिळतो. ओला हवा असेल तर जुलैमध्ये त्र्यंबकच्या वाटेला लागा. घडीव दगडासाठी गोदाकाठच्या पायऱ्या आहेत. जुन्या नाशकातल्या एखाद्या पडक्या वाड्याची भिंत पाहा: खाली दगड, वर विटा, मधे माती उघडी पडलेली. मालकाला विचारून फोटो घ्या, कुणी नाही म्हणत नाही, उलट वाड्याची गोष्टही ऐकायला मिळते. भेगाळलेली माती मे महिन्यात धरणाचं पाणी मागे सरलं की काठाला दिसते. ऑगस्टमध्ये कुंपणाच्या भिंतींवर शेवाळ चढतं, ते महिन्या-दीड महिन्यात घ्यायचं, नंतर ते काळं पडतं. शेणाने सारवलेलं अंगण मला मखमलाबादच्या पुढे एका मळ्यात मिळालं. त्यावर हाताच्या फेऱ्यांच्या अर्धगोल रेषा इतक्या सुंदर आहेत की झोपडीची जमीन म्हणून तो पोत टाकला की खेळाडू आपोआप आवाज खाली आणून बोलतात. द्राक्षबागेत छाटणीनंतर पडलेल्या काड्या आणि पानं, हा माझा पालापाचोळा.

फोटो ढगाळ दुपारी काढा. उन्हात प्रत्येक खड्याला सावली पडते आणि ती नकाशावर घोळ घालते. नकाशावर प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून येतो असं धरायची रीत आहे आणि डोळाही तसंच धरून चालतो. तुमच्या कातळावरची सावली उलट्या बाजूला असली की उंचवटा खड्ड्यासारखा दिसतो. फोन जमिनीला समांतर धरा, आणि एक फोटो शेजारी फूटपट्टी ठेवून घ्या. हा दुसरा फोटो लोक घेत नाहीत आणि मग महिन्याभराने तो दगड वीतभर होता की हातभर, हे कुणालाच सांगता येत नाही.

पोत टाकला की फरशीसारखे जोड दिसतात. ते कसे घालवायचे?

गिंपमध्ये फोटो चौकोनी कापा. मग लेयरच्या मेनूतून ऑफसेट घ्या आणि चित्र दोन्ही दिशांना निम्म्याने सरकवा. आता कडा मधोमध येतात आणि जोड अधिकच्या चिन्हासारखा समोर दिसतो. क्लोन किंवा हीलच्या ब्रशने तो पुसा, नव्या कडांना मात्र हात लावू नका. गिंपमध्ये आपोआप जोड घालवणारं फिल्टरही आहे, पण ते दोन प्रती एकमेकींत मिसळतं, त्यामुळे कातळासारखा ठसठशीत पोत धुरकट होतो. गवताला चालतं.

क्रिटात डब्ल्यूचं बटण दाबलं की तेच चित्र चारी बाजूंना पसरलेलं दिसतं आणि त्यावरच रंगवता येतं. जोड पुसायला याहून सुखाची सोय मला माहीत नाही.

जोड गेले तरी पुनरावृत्ती उरते. एखादा पांढरा खडा, एखादं पान दर हातभर अंतरावर दिसत राहतं. असे नजरेत भरणारे ठिपके आधीच काढून टाका. मग एकाच जातीचे दोन पोत एकावर एक ठेवा आणि वरच्याला मास्क लावून खरबरीत ब्रशने जागोजागी उघडा. पोत फिरवून टाकण्याची युक्ती फक्त सावली नसलेल्या पोतांना लागू पडते.

फोटोचा एक कोपरा उजळ आणि एक काळपट असेल तर ते जोड घालवण्याआधीच सपाट करावं लागतं. थराची प्रत घ्या, तिला दीड-दोनशे पिक्सेलचा गॉसियन ब्लर द्या आणि मोड ग्रेन एक्स्ट्रॅक्ट ठेवा. उजेडाचा चढउतार निघून जातो, दाणा राहतो.

माझं गवत माणसाहून मोठं का दिसतं?

कारण फोटो फार जवळून काढला आहे. हिशेब करू. एक घर १०० पिक्सेल आणि पाच फूट, म्हणजे एका फुटाला २० पिक्सेल. नऊ इंचांची वीट १५ पिक्सेलची झाली. गवताचं पातं तर पिक्सेलभरही नाही. १०२४ पिक्सेलचा पोत जवळजवळ ५१ फूट जमीन व्यापतो. तुम्ही गुडघ्याएवढ्या उंचीवरून तीन फुटांचा तुकडा टिपलात आणि तो ५१ फुटांवर ताणलात, तर पाती ताडासारखी होणारच. गच्चीवरून, पुलावरून खाली बघत फोटो घ्या, किंवा जवळचा फोटो बराच लहान करून वापरा.

मुलखाच्या नकाशात तर फोटोचा पोत ओळखूच यायला नको. तिथे गवत दाखवायचं नसतं, गवताळ मुलूख दाखवायचा असतो. पोत इतका बारीक करा की फक्त दाणा उरेल, आणि ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट मोडमध्ये वीस-तीस टक्क्यांवर ठेवा.

जुन्या कागदाचा परिणाम हवा आहे.

जाड हातकागद घ्या, चहाच्या चोथ्याने पुसा, चुरगळा, पुन्हा उलगडा, उन्हात वाळवा आणि ३०० डीपीआयने स्कॅन करून आणा. हा थर सर्वांत वर मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवायचा. मल्टिप्लायमध्ये पांढरं नाहीसं होतं आणि गडद तेवढं खाली उतरतं, म्हणून डाग आणि घड्या राहतात, पण नकाशा झाकला जात नाही. चाळीस टक्क्यांच्या वर मी सहसा जात नाही.

आणि कृपा करून प्रत्येक नकाशा जळक्या कडांचा करू नका. नकाशा कुणी काढला हे आधी ठरवा. सरदाराच्या दफ्तरातला नकाशा स्वच्छ असेल. गुराख्याने काढलेला गोणपाटावर कोळशाने असेल. त्यावरून कागद ठरू द्या.

डोंगर आणि नद्या पटण्यासारख्या कशा काढाव्यात?

तयार चित्रांत डोंगर बहुधा टोकदार, बर्फाळ असतात. ते चांगलेच आहेत, पण आपल्याला खिडकीतून दिसतात ते तसे नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचं पठार झालं. त्याला इंग्रजीत ट्रॅप म्हणतात तो शब्दच स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला आहे. माथा सपाट, खाली उभा कडा, मग माची, मग पुन्हा कडा. अंजनेरी बघा, अंकाई-टंकाई बघा. हे वरून बघितलेल्या नकाशात दाखवायचं तर हॅश्यूर नावाची जुनी पद्धत वापरा: उताराच्या दिशेने छोट्या रेघा, उतार तीव्र तिथे जाड आणि दाट, मंद तिथे बारीक आणि विरळ, सपाट माथा कोरा. हरिहरसारखा त्रिकोणी किल्ला या पद्धतीने दहा मिनिटांत उभा राहतो, आणि कोणत्या बाजूने चढता येईल हे खेळाडू स्वतः ओळखतात.

नद्यांबद्दल एकच: त्या एकमेकींना मिळतात, वाटेत फुटत नाहीत. फुटतात त्या समुद्राजवळ, गोदावरीही राजमहेंद्रीच्या खाली गौतमी आणि वसिष्ठा होते. आणि नदी जवळच्या समुद्राकडे जाते असंही नाही. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र ८० किलोमीटरच्या आसपास, तरी गोदावरी पूर्वेला वळून १४६५ किलोमीटर चालते, कारण उतार तिकडे आहे. आधी उतार काढा, मग नदी.

खऱ्या डोंगरांवरून उसनं घ्यायला मला काही गैर वाटत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून मोजलेली उंचीची माहिती एसआरटीएम नावाने फुकट मिळते, साधारण ३० मीटरला एक नोंद. ती क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा, साल्हेरच्या आसपासची सेलबारी-डोलबारीची रांग कापून घ्या आणि हिलशेड, म्हणजे उजेड-सावलीने चढउतार दाखवणारं चित्र, करा. ते चित्र डावं-उजवं उलटवलं की मुलूख कुणाला ओळखू येत नाही, पण दऱ्याखोऱ्या खऱ्या राहतात. एक खबरदारी घ्या. हिलशेडमध्ये उजेडाची दिशा सहसा ३१५ अंश, म्हणजे वायव्येची असते. चित्र उलटवणार असाल तर ती आधी ४५ करा, म्हणजे उलटल्यावर उजेड पुन्हा योग्य बाजूला येतो. मी हे न करता एक आख्खी रांग काढली होती आणि सगळ्यांना ती दरी वाटली.

भुयारांसाठी तर पांडवलेणी आपल्या दारात आहेत. २४ लेण्यांपैकी बरेच विहार मधे मोठं दालन आणि तीन बाजूंना खोल्या असे आहेत. एकदा वही घेऊन जा आणि पावलांनी मोजत आराखडा काढा.

मराठी नावं लिहिली की अक्षरं तुटतात. काय करू?

कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात तीन शब्द लिहून पाहा: त्र्यंबकेश्वर, दऱ्या, शक्तिपीठ. पहिल्यात जोडाक्षरांची परीक्षा होते, दुसऱ्यात आपल्या खास मराठी अर्ध्या र-ची, तिसऱ्यात ऱ्हस्व वेलांटीच्या जागेची. एक जरी चुकलं तरी तिथे फक्त चित्र काढा आणि नावं इंकस्केपमध्ये टाका. नकाशे काढायच्या बऱ्याच खास सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण येते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलं की अक्षरं नीट जुळतात.

इंग्रजी नकाशांत डोंगररांगेचं नाव अक्षरं लांब लांब ठेवून पसरवतात. देवनागरीत ते करू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा जीव जातो. नाव पसरवायचं तर शब्दांमधलं अंतर वाढवा किंवा अक्षर मोठं करून फिकं करा. नदीच्या वळणावर नाव लिहायचं असेल तर वळण अगदी हलकं ठेवा. आपल्याकडे मोठी लिपी-लहान लिपी नाही, म्हणून राजधानी, गाव, वाडी यांतला फरक जाडी आणि आकारानेच दाखवावा लागतो. तीन पायऱ्या पुरेत.

फॉन्ट म्हणून तिरो देवनागरी मराठी मला फार आवडतो. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. बारीक नावांना मुक्ता, हाताने लिहिल्यासारखं हवं तर कलम, मथळ्याला यात्रा वन. हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत. गडद पोतावर अक्षर बुडत असेल तर त्याची प्रत खाली ठेवून तिला कागदाच्या रंगाची जाड कड द्या.

आणि मोडी वापरा! २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, नोटो सान्स मोडी हा फॉन्ट फुकट आहे. खजिन्याच्या नकाशावर एक ओळ मोडीत लिहून दिली आणि आमच्या एका खेळाडूने घरी जाऊन आजोबांना बसवून ती वाचून घेतली. दुसऱ्या रविवारी आजोबांचा निरोप होता, पुढची ओळ कधी येणार.

इंटरनेटवरचे पोत वापरले तर चालतात का?

परवाना वाचून. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, इतरांना वापरू देण्याचे परवाने. सीसी-झिरो असेल तर काहीही करा. पॉली हेवन आणि ॲम्बियंट-सीजी इथले पोत असे आहेत. सीसी-बाय असेल तर नाव द्या. एनसी लिहिलेलं असेल तर त्यातून पैसे कमवता येत नाहीत. एसए असेल तर तुमचा नकाशाही त्याच अटीवर द्यावा लागतो. शोधून सापडलेल्या कुठल्याही चित्राला आपोआप परवानगी नसते. विकत घेतलेल्या गठ्ठ्यांत नकाशा विकायची मुभा बहुधा असते, सुटी चित्रं पुढे द्यायची नसते. कुठून काय घेतलं याची एक साधी फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा.

छापल्यावर नकाशा काळा का पडतो?

पडदा स्वतः उजेड देतो, कागद देत नाही. माझा पहिला मोठा नकाशा, तीन आठवड्यांचं काम, एका दुकानातून छापून आणला तर जंगल आणि दलदल दोन्ही एकच काळा डाग झाले होते. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हापासून नकाशाचा एक तुकडा घेऊन तो पाच वेगवेगळ्या उजळपणांत एका ए-फोरवर छापते, आणि त्यातला बरा वाटेल तोच उजळपणा पूर्ण नकाशाला देते. छपाई सीएमवायके रंगांत (निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी शाई) होते, झळझळीत हिरवा आणि गडद निळा त्यात उतरत नाही. हे आधीच मनात धरून मातकट रंग निवडा.

टेबलासाठी मॅट फ्लेक्स सांगा, चकचकीत असला की ट्यूबलाइट त्यात दिसते. काळ्या-पांढऱ्या मुलखाच्या नकाशाला आर्किटेक्ट लोक वापरतात तो प्लॉटर उत्तम, रेषा लखलखीत येतात.

एआयकडून नकाशा करून घ्यावा का?

मी घेत नाही. घरं एकसारखी येत नाहीत, नद्या चढावर जातात आणि देवनागरी अक्षरं नुसती अक्षरांसारखी दिसतात. त्याहून मोठं कारण म्हणजे त्या मुलखात काय कुठे आहे हे मग मलाच ठाऊक नसतं, आणि खेळाडू पहिल्या दहा मिनिटांत नेमकं तेच विचारतात.

एकाच नकाशाच्या खेळाडूंसाठी आणि डीएमसाठी (खेळ चालवणाऱ्यासाठी) वेगळ्या प्रती कशा ठेवायच्या?

चोरवाटा, सापळे, गुप्त दारं आणि त्यांची नावं पहिल्या रेघेपासून वेगळ्या गटात ठेवा. तो गट बंद केला की खेळाडूंची प्रत तयार. मात्र चोरदाराखालच्या जमिनीचा पोत अखंड असायला हवा. तिथे मास्कची कड किंचित जरी दिसली तरी चाणाक्ष खेळाडू लगेच बोट ठेवतो. डन्जनड्राफ्टमधून युनिव्हर्सल व्हीटीटी प्रकारात फाइल काढली तर भिंती, दारं आणि दिवेही सोबत जातात, मग फाउंड्रीत नकाशा खेळाडूच्या नजरेप्रमाणे उघडत जातो. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो इतका आवळला जातो की बारीक पोत सगळा पुसला जातो. आणि फाइलच्या नावात "गुप्त दारासह" असं काही राहिलं नाही ना, ते पाठवायच्या आधी एकदा पाहा.